नाळ, वार आणि मूलपेशी

(सोलापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाळंतपण पार पडले, की वार परसदारी खड्डा घेऊन पुरावी, ही आपल्याकडची जुनी रीत. बार्शी-करमाळ्याकडचा माणूस मुंबईच्या गिरणीत सारी हयात घालवूनही 'आपली नाळ गावात पुरली आहे' असे म्हणत असे, ते यामुळेच. आता प्रसूती रुग्णालयात होतात, आणि वार जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. मात्र त्याच नाळेतील रक्त जतन करून ठेवा, म्हणजे मुलाच्या जन्मभराच्या आरोग्याचा विमा उतरला, असे सांगणारे प्रतिनिधी आज गर्भवतीच्या दारापर्यंत पोहोचू लागले आहेत. पहिलटकरणीचे घर हौसेचे असते आणि थोडे भ्यालेलेही असते. अशा घरी हजारो रुपयांच्या करारावर सही होण्यास वेळ लागत नाही. या व्यवहारात शास्त्र किती आणि व्यापार किती, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

शरीरातील बहुतेक पेशी आपापल्या नेमून दिलेल्या कामापुरत्या असतात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते व नष्ट होते. ती स्वतःसारखी दुसरी निर्माण करू शकत नाही. ही तूट अस्थिमज्जेतील मूलपेशी भरून काढतात. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. मूलपेशीचे वैशिष्ट्य असे, की ती स्वतःची संततीही टिकवते आणि तांबड्या, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका यांनाही जन्म देते. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे, तर ती कणगीतले बियाणे होय. खाण्याचे धान्य निराळे.

हे बियाणे एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात रुजविणे म्हणजे अस्थिमज्जा-प्रत्यारोपण. भारतात ही किमया प्रथम साधली ती मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, मार्च १९८३ मध्ये. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. या कार्याचे धुरीण डॉ. सुरेश अडवाणी हे बालपणीच पोलिओने पांगळे झालेले. चाकांच्या खुर्चीत बसूनच त्यांनी रुग्णांची सेवा केली.

पुढे पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी असेच प्रत्यारोपण नाळेतील रक्ताने केले. रुग्ण होता फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक विकाराने ग्रस्त असा पाच वर्षांचा मुलगा, आणि रक्त होते त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले. ते त्याचे स्वतःचे नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. कारण जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. जगात त्यानंतर अशी हजारो प्रत्यारोपणे झाली. त्यांतील बहुतेकांत नाळेचे रक्त दुसऱ्याचेच होते.

स्वतःचे रक्त स्वतःला का चालत नाही? थॅलसेमिया किंवा सिकलसेल हा दोष जनुकातच असतो. ज्या बालकाला तो आहे, त्याच्या नाळेतल्या प्रत्येक मूलपेशीतही तो असतोच. किडके बियाणे जपून ठेवले आणि वीस वर्षांनी पेरले, म्हणून पीक निरोगी येत नाही. बालपणीच्या रक्तकर्करोगातही रोगाचे मूळ पुष्कळदा जन्मापूर्वीच पेशींत पडलेले असते. स्वतःच्या नाळेचे रक्त पहिल्या वीस वर्षांत उपयोगी पडण्याची शक्यता २,५०० त एक ते २,००,००० त एक एवढीच सांगितली जाते. शिवाय नाळेतून मिळते जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर रक्त. लहान मुलाला ते पुरते, पण वजनदार प्रौढाला बहुधा अपुरे पडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट केले आहे, की भविष्यात स्वतःसाठी म्हणून नाळेचे रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही. नाळेची ऊती, दात, मासिक पाळीचे रक्त यांच्या व्यापारी साठवणुकीस तर या तत्त्वांनी मुळीच मुभा दिलेली नाही. नाळेच्या रक्ताच्या पेढीला औषध कायद्याखाली परवाना लागतो. तथापि परवाना म्हणजे ती पेढी रक्त नीट साठवते याची ग्वाही. ते रक्त उपयोगी पडेल याची नव्हे. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पिशवी सुरक्षित राहते, एवढ्याने आश्वासन खरे ठरत नाही.

मग नाळेचे रक्त कधीच ठेवू नये काय? तसेही नाही. घरात एखाद्या मुलाला थॅलसेमिया मेजर आहे आणि आई पुन्हा गर्भवती आहे, अशा कुटुंबाने वैद्यकीय सल्ल्याने येणाऱ्या बाळाच्या नाळेचे रक्त अवश्य राखावे. येथेही हिशेब उघड्या डोळ्यांनी मांडावा लागतो. सख्ख्या भावंडांच्या ऊती पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. नवे बाळ रोगमुक्त किंवा केवळ वाहक असण्याचा संभव चारांत तीन. वाहक भावंड दाता म्हणून चालते. दोन्ही गोष्टी एकत्र घडण्याचा संभव सोळांत तीन. म्हणजे आशा आहे, हमी नाही.

देशात दरवर्षी सुमारे दहा हजार बालके थॅलसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्तातून साचणारे लोह काढण्यासाठी औषध द्यावे लागते. खेड्यातल्या बापाला दर खेपेस रजा किंवा मजुरी बुडवून मुलाला शहरात आणावे लागते. सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, रक्तदानाची परंपराही मोठी आहे. जयंती-पुण्यतिथीला शिबिर ठरलेलेच. ही रक्ताची पिशवी बहुधा कोणाच्या अंगात जाते, हे शिबिराच्या मांडवात कोणी सांगत नाही, ते सांगायला हवे. दोन्ही पालक वाहक असतील, तरच हा रोग अपत्यात उतरतो. वाहक व्यक्ती दिसायला, वागायला ठणठणीत असते, म्हणून रक्ततपासणीवाचून ते कळत नाही. पत्रिकेबरोबर हा अहवालही पाहिला जावा, ही सूचना गुरुजींनी पालकसभेत मांडण्यास हरकत नसावी. जेथे रोग झालेलाच आहे, तेथे कोल इंडियाच्या २०१७ साली सुरू झालेल्या थॅलसेमिया बालसेवा योजनेतून देशातील निवडक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ही माहिती कागदावर असते आणि गरजूपर्यंत पोहोचत नाही, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे.

नाळेच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, आणि तो बिनखर्चाचा आहे. जन्मानंतर किमान एक मिनिट तरी नाळ चिमट्यात धरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या अवधीत वारेतील रक्त बाळाच्या अंगात उतरते आणि पुढील कित्येक महिने त्याला लोहाची शिदोरी पुरते. पिशवी भरण्याच्या घाईत नाळ लवकर कापली, तर हे रक्त बाळाचे राहत नाही. आपल्याकडच्या माता-बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता, बहुतांश घरांत नाळेच्या रक्ताची उत्तम पेढी म्हणजे बाळाचे स्वतःचे शरीर होय. आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांना हे ठाऊक आहे. घरच्या मंडळींनी त्यांना घाई करू नये, इतकेच.

मूलपेशींचे एक यश तर सोलापूरकरांच्या शेजारचे आहे. तंबाखूबरोबर वापरावयाच्या चुन्याची पुडी मुलाने दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात उडाला, असे अपघात आपल्याकडे घडतात. चुन्याने बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात, बुबुळावर रक्तवाहिन्या चढतात आणि दृष्टी जाते. अशा डोळ्यात नुसते नेत्ररोपण टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून रुग्णाच्या चांगल्या डोळ्यातील कणभर ऊती घेऊन, त्यातील पेशी वाढवून जळलेल्या डोळ्यावर बसविण्याचे काम चालले आहे. या पेशी ज्यावर वाढतात, तो पातळ पडदा मिळतो वारेतून, एखाद्या अनोळखी मातेने संमतीने दिलेल्या वारेतून. तरीही उपचाराची वेळ येऊ नये, हे उत्तम. चुना डोळ्यात जाताच चोळू नये, तूप-तेल घालू नये. पापणी उलटून चुन्याचे कण काढावेत, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा अर्धा तास धुवावा, आणि धूत धुतच दवाखान्याची वाट धरावी.