सीईटी आणि बारावी



'सीईटी साधली म्हणजे बारावी कशीही झाली तरी चालते,' हा समज अलीकडे घराघरांत शिरला आहे. तो घातक आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

राज्य सामायिक प्रवेश परीक्षेत उत्तम गुण पडले, तरी अभियांत्रिकीच्या पदवीस बारावीच्या आवश्यक विषयांत मिळून किमान ४५ टक्के, व राज्यातील राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण लागतातच. ते नसतील तर सीईटीचे यश व्यर्थ होय.

परीक्षा संगणकावर होते. अभियांत्रिकीच्या गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे. एकूण गुण २००, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत. सबब एकही प्रश्न सोडू नये. गणिताचे प्रश्न केवळ इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्या संज्ञा आधीच अंगवळणी पाडाव्यात.

आता मर्म पाहा. सुमारे ८० टक्के भार बारावीच्या, तर २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. अर्थात वर्गातील नित्याचा अभ्यास हीच सीईटीची खरी तयारी. पालकहो, क्लासची भरमसाट फी भरण्यापूर्वी मूल महाविद्यालयात नियमित जाते की नाही, हे आधी पाहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.