शिकाऊंसाठी एक मशीन राखून ठेवा

नागापूर औद्योगिक वसाहतीतील उद्योजक बंधुभगिनींनो, प्राध्यापक, पालक आणि ज्यांच्यासाठी ही परिषद भरली आहे त्या नव्या पदवीधरांनो,

माझे सारे कामाचे आयुष्य टूलरूममध्ये गेले. तेव्हा जे हाताखालून गेले आणि डोळ्यांदेखत बदलले, त्याबद्दलच बोलतो.

सध्या कुठलाही नवा इंजिनिअर भेटला की एकच विचारतो, ‘सर, आम्ही शिकलो ते पाच वर्षांनी चालेल का?’ मागे उभ्या असलेल्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न असतो. कुणी शेत गहाण ठेवून फी भरलेली असते, कुणी उसाच्या बिलातून. ‘काळजी करू नका, होईल सगळे नीट’ असे म्हणून त्यांची बोळवण करणे मला पटत नाही. शिकलेल्यातले काही चालणार नाही, काही चालेल. कोणते, ते आपल्याच अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या एका गाडीवरून सांगतो.

१९७२ चे दुष्काळी साल या जिल्ह्यातले वडीलधारे विसरलेले नाहीत. विहिरी कोरड्या, जनावरे छावणीला आणि शिकलेली पोरेसुद्धा खडी फोडायला. त्याच वर्षी कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. पन्नास सीसीचे इंजिन, चालवायला पायडल. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या मोपेडवरून ती घडवली होती. नगरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार झाली. दूधवाला, शिक्षक, पोस्टमन, कॉलेजची मुलगी, सगळ्यांच्या घरी ती होती. नंतर मोटारसायकलींचा जमाना आला आणि लूना मागे पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र कायनेटिकच्या फिरोदिया घराण्याच्या पुढच्या पिढीने तीच लूना विजेवर चालणारी करून पुन्हा आणली.

ही नवी लूना मनातल्या मनात उघडून पाहा. पिस्टन नाही, सिलिंडर नाही, कार्ब्युरेटर नाही, सायलेन्सर नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर फक्त कार्ब्युरेटरचे जेट बसवले, त्याचे काम या गाडीत उरलेले नाही. पेट्रोलच्या दुचाक्यांतही १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे धुराचे निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण नव्या लूनात चेसीस आहे, हब आहे, ब्रेक आहे, एक्सल आहे. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी ही नवी भर. बेअरिंग बसते ती जागा आजही मायक्रॉनमध्येच मोजावी लागते. वेल्डिंगचा जोड खड्ड्यातून जाताना तुटू नये, ही अट १९७२ मध्ये होती तशीच आज आहे. आपल्या शहराशेजारी व्हीआरडीई आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. तिथे गाडी तपासताना कागदावरच्या दाव्याला किंमत नसते. ट्रॅकवर काय झाले, तेच धरले जाते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. सीएनसी मशीनचा प्रोग्राम आज संगणक लिहून देतो, आणि बऱ्याचदा चांगला लिहितो. पण तो मशीनवर चढवल्यावर काय करतात, ते इथल्या प्रत्येक सेटरला माहीत आहे. आधी ड्राय रन. मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ. एक हात फीडच्या नॉबवर, दुसरा इमर्जन्सीच्या लाल बटणाजवळ, नजर टूलच्या टोकावर. शून्य जागा एका ठिकाणी चुकीची धरली गेली तर टूल सरळ चकवर आदळते, आणि तो खर्च छोट्या कारखान्याचे महिन्याचे गणित बिघडवतो. प्रोग्राम कुणीही लिहिलेला असो, बटण दाबणाऱ्याला तो कळलाच पाहिजे आणि त्याची जबाबदारी त्यानेच घेतली पाहिजे. ही माणसे पुढेही लागणार. माझ्या मते आजच्यापेक्षा जास्त लागतील.

अशी एक मुलगी मी जवळून पाहिली. डिप्लोमा झालेली, नवीन. एका ठिकाणी रोज सकाळचे पहिले काही जॉब रिजेक्ट व्हायचे. ऑपरेटर ऑफसेट बदलायचा, दुपारी पुन्हा बदलायचा, आणि सगळ्यांच्या ते अंगवळणी पडले होते. तिने वहीत तास आणि बोअरचे माप लिहायला सुरुवात केली. आठवडाभराने तिच्या आकड्यांत दिसले की मशीन थंड असताना माप एका बाजूला जाते आणि स्पिंडल तापल्यावर स्थिर होते. उपाय साधा निघाला : पाळी सुरू होण्याआधी मशीन काही वेळ रिकामे फिरवायचे. धातू तापला की प्रसरण पावतो, हे तर आठवीच्या पुस्तकात असते. वर्गातले ते वाक्य आणि समोरचा बिघडलेला जॉब यांचा संबंध तिने स्वतः लावला, आणि त्यासाठी तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. मुलांनो, पाच वर्षांनी काय चालेल असे विचारता ना, हे चालेल. मोजा, लिहून ठेवा, कारण शोधा. सॉफ्टवेअर बदलेल, गाडी बदलेल. ही सवय असलेला माणूस नव्या कामावर पुन्हा उभा राहतो.

मोठा बदल आपल्याकडे नवा नाही. याच जिल्ह्यात लोणीला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. एक मातीतला शेतकरी, दुसरा अर्थशास्त्राचा अभ्यासक. ऊस पिकवणाऱ्याने कारखाना चालवायचा, हे त्या काळी किती जणांना खरे वाटले असेल? तुमच्यासमोरचा बदल त्याहून अवघड आहे, असे मी मानत नाही.

आता थोडे उद्योजकांशी, कारण सगळा भार मुलांवर टाकून घरी जाणे अन्यायाचे होईल. आपण जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ लिहितो. प्रत्येकानेच असे लिहिले तर पहिला अनुभव मिळायचा कुठे? शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, पण बऱ्याच ठिकाणी शिकाऊ मुलाला झाडू आणि डिलिव्हरी चलन यापलीकडे काही मिळत नाही. वर्षाअखेरीस त्याच्या हातात प्रमाणपत्र येते, पण काम येत नाही. हे थांबवा.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक कारखान्यात एक मशीन, जुने का असेना, शिकाऊंसाठी राखून ठेवा. तिथे जॉब बिघडला तर कुणी ओरडायचे नाही. तो का बिघडला ते बिघडवणाऱ्यानेच मोजून लिहायचे. आपल्या जुन्या सेटरला आठवड्यातून काही तास त्यांच्याजवळ बसू द्या, त्या वेळचा पगार कापू नका. आणि दुसरी पाळी सुटल्यावर मुलींना घरी सोडायला गाडी ठेवा. त्या नसतील तर वसाहतीतली निम्मी बुद्धी आपण फाटकाबाहेरच ठेवली, असे होईल.

पदवीधरांनो, परिषद संपल्यावर लगेच घरी जाऊ नका. दाराजवळ उद्योजक उभे असतील. त्यांना नोकरी मागण्याआधी एवढेच विचारा, ‘तुमच्याकडे सध्या कोणता जॉब रिजेक्ट होतोय? मी येऊन पाहू का?’ आणि उद्योजकांनो, जो असे विचारेल, त्याला सोमवारी सकाळच्या पाळीला बोलवा.