दम धरताना: शरीराचा अलार्म नेमका कशाचा?

आज श्वास रोखण्याच्या सरावाबद्दल बोलू, आणि त्यात मी केलेल्या चुकीबद्दल.

गेल्या वर्षी मला फ्रीडायव्हिंगचं खूळ लागलं. घरीच गादीवर पडून सराव करायचो. प्रत्येक फेरीत श्वास आणखी थोडा जास्त रोखायचा, मधली विश्रांती तेवढीच. यात रक्तातला ऑक्सिजन फेरीगणिक खाली जातो. बोटाला कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर लावलेला असायचा.

एका रविवारी सुरुवातीलाच वीस-पंचवीस श्वास जोरजोरात घेतले. आणि काय सांगू, तीन मिनिटं झाली तरी गुदमरेना! आकडा ९२. मी खूश. श्वास घ्यायला लागलो, आणि आकडा उलट पडायला लागला. ९०, ८२, ७४. शेजारी बसलेली ताई ओरडली, "अरे, ओठ निळे पडलेत तुझे! दोन हाका मारल्या, ओ का देत नाहीस?" मला एकही ऐकू आली नव्हती.

मग बग शोधला. गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन संपत आल्यामुळे नाही. जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचं रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे मी टाकी मोठी केली नव्हती, अलार्म म्यूट केला होता. ऑक्सिमीटरचंही तेच. बोटापर्यंत रक्त पोचायला वेळ लागतो, त्यामुळे तो काही सेकंदांपूर्वीची बातमी देतो.

गादीवर शुद्ध गेली तर बहुतेक वेळा श्वास आपोआप सुरू होतो. पाण्यात तोच श्वास पाणी आत ओढतो.

म्हणून आता माझे नियम साधे आहेत. आधी जोरजोरात श्वास घ्यायचे नाहीत. कोरडा सराव आडवं पडूनच, आणि शेजारी कुणीतरी हवं. पाण्यात एकट्याने कधीच नाही, अगदी कमरेएवढ्या पाण्यातही नाही. सोबत बाहेर काढायचं शिकलेला जोडीदार हवा, आणि त्याची नजर फक्त आपल्यावर हवी. हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर या वाटेला जाऊच नका.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे सोसायटीच्या टँकवर एकट्याने हेच करून बघायचं मी ठरवलं होतं. तिथे हाक मारायला ताई नसती.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.