जमिनीवरून उठताना



मघाशी या शाळेच्या पटांगणावर तुम्हा मुलांचे सूर्यनमस्कार पाहिले. ते औंधात पाहायला मिळाले याचं मला फार अप्रूप आहे. इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार आणले, स्वतः नेमाने घातले, त्यावर पुस्तक लिहिलं, हे तुम्हाला पाठच असेल. मी त्यातल्या एकाच क्षणाबद्दल बोलणार आहे. हात जमिनीला टेकलेले असतात आणि तिथून आपण सरळ उभे राहतो, तो क्षण. माझी सगळी डॉक्टरकी त्याच्याभोवती गेली.

मी शिकलो ती शाळा याच मुलखातली. पाचवीत माझ्या बाकावर एक मुलगा होता. नमस्कारात खाली जायचा, पण वर येताना अडायचा. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, पुन्हा पहिला जरा वर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. आम्ही हसायचो. सर त्याला आळशी म्हणायचे आणि वर्गप्रमुख म्हणून त्याचं नाव फळ्यावर मी लिहायचो. पोटऱ्या मात्र अशा भरदार, की तालमीत वाढलेले त्याचे आजोबा सगळ्यांना दाखवायचे, ‘नातू पैलवान होणार.’ सातवीत त्याने शाळा सोडली. का, ते आम्ही विचारलंही नाही.

पुढे मेडिकलला असताना एका पुस्तकात चित्रांची रांग दिसली. एक मुलगा जमिनीवरून उठतोय, हात गुडघ्यावर, मग मांडीवर. लंडनच्या विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी 1879 साली हे उठणं बारकाईने वर्णन करून ठेवलंय, आजही त्याला गॉवर्स साइन म्हणतात. मला मात्र त्या पानावर आमचं पटांगण दिसलं. फळ्यावर लिहिलेलं ते नाव माझ्या डोक्यातून आजही गेलेलं नाही.

त्या आजाराचं नाव डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. डुशेन हे फ्रान्समधल्या बुलोन बंदरातल्या दर्यावर्दी घराण्यातले डॉक्टर. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढता यावा म्हणून त्यांनी एक सुई बनवली, तिला लोक हार्पून म्हणायचे, मासे मारायच्या भाल्यासारखी. तेरा रुग्णांचा अभ्यास त्यांनी 1868 साली छापला. त्याच वर्षी बाळासाहेबांचा जन्म झाला, हा योगायोग मला उगाचच आवडतो.

पण स्नायू का झिजतो हे कळायला 1987 साल उजाडलं. स्नायूच्या पेशीचं आवरण टिकवणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन या मुलांत बनतच नाही. पोत्याची शिवण कच्ची असली आणि ते रोज उचललं-आपटलं तर काय होईल? शिवण उसवते, धान्य सांडतं. मूल चाललं, धावलं की स्नायू असाच उसवतो, आणि त्यातलं सीपीके नावाचं एन्झाइम रक्तात सांडतं. नेहमी दीडशे-दोनशेच्या आत असणारा आकडा या मुलांत हजारोंत जातो. उसवलेल्या जागी चरबी आणि चिवट धागे भरतात. आजोबांना दिसत होती ती भरदार पोटरी अशी भरलेली होती.

यकृताच्या तपासणीत पाहतात ते एसजीओटी, एसजीपीटीसुद्धा स्नायूतून सांडतात. ते वाढलेले पाहून कावीळ समजून दोन वर्षं यकृताची औषधं घेत राहिलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. सीपीकेची साधी तपासणी तेवढी कुणी सांगितली नव्हती.

आता एका आपल्या माणसाबद्दल. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर. डुशेनच्याच प्रकारचे, पण मुलींनाही होणारे काही आजार आहेत. त्यांतल्या एका गटातली मुलं उठताना आधी दोन्ही मांड्या बाहेर फाकवतात आणि मगच वर येतात, ही खूण खाडिलकरांनी 2001 साली मांडली. यासाठी त्यांना मोठं यंत्र लागलं नाही. जमिनीवर बसवलेलं मूल आणि घाई न करणारी नजर पुरली. पुढे 2013 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की अगरवाल समाजात अशाच एका आजारामागे दोन ठरावीक जनुकीय दोष वारंवार सापडतात. कुठे शोधायचं ते कळलं, की तपासणीचा खर्च उतरतो. गरिबाच्या घरी संशोधन पोचतं ते असं.

माझ्या हातात आजही स्टॉपवॉच असतं. पाठीवर झोपलेल्या मुलाला म्हणतो, ‘ऊठ बघू बाळा.’ किती सेकंद लागले ते लिहितो. सहा महिन्यांनी पुन्हा. जगभर नव्या औषधांची परीक्षा याच सेकंदांवर होते. डुशेन पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण स्टेरॉइड वेळेवर सुरू केलं, टाचेच्या शिरा आखडू दिल्या नाहीत, हृदय आणि श्वास तपासत राहिलं, तर मूल आणखी काही वर्षं स्वतःच्या पायांवर चालतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती वर्षं किती मोठी असतात!

इथे बसलेल्या आज्यांना आणि आत्यांना हात जोडून सांगतो, सुनेला बोल लावू नका. डुशेनचा दोष आईकडून येऊ शकतो, पण हा आजार असलेल्या दर तीन मुलांतल्या साधारण एकात तो नव्याने उपजलेला असतो. आणि आईकडून आला तरी तो तिने मागून घेतलेला नाही. पुढच्या बाळाआधी तपासणी करून घ्या, म्हणजे झालं.

पीटीच्या सरांनो आणि मॅडम, माझी खरी भिस्त तुमच्यावर आहे. आम्हा डॉक्टरांकडे मूल येतं तोवर बरेचदा आठ-नऊ वर्षांचं झालेलं असतं. तुम्हाला ते त्याआधी रोज सकाळी दिसतं. जे मूल गुडघ्याला धरून उठतं, जिन्यावर कठडा सोडत नाही, टाचा न टेकता चालतं, वरचेवर पडतं, त्याला रागावण्याआधी आई-वडिलांना बोलवा आणि सीपीके करायला सांगा. 2016 च्या कायद्यात हा आजार दिव्यांगत्वात धरलाय, त्यामुळे सवलतींचा हक्क त्याला आहेच. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणायला मात्र कायद्याची वाट कशाला पाहायची? तो तुम्ही सोमवारीच आणू शकता.

बक्षिसं वाटायची आहेत, सर घड्याळाकडे पाहताहेत. या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. नाव पुकारल्यावर ज्याला चढायला जड जाईल, त्याने जागेवरच थांबावं. मी खाली येतो.