जबड्याचा सांधा आणि रक्तातील खूण



संधिवाताचा विषय निघाला की गुडघे, मनगटे आणि बोटांची पेरे एवढीच डोळ्यांसमोर येतात. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जो हलताना जाणवतो, त्या जबड्याच्या सांध्याची आठवण रुग्णास होत नाही आणि पुष्कळदा वैद्यासही होत नाही. वस्तुतः बोलणे, चावणे, जांभई देणे या प्रत्येक क्रियेत तोच राबत असतो.

आमवातात, म्हणजे ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या विकारात, शरीराची प्रतिकारशक्ती स्वकीयांवरच उलटते. सांध्याचे अस्तर सुजते; पुढे कूर्चा आणि हाडही झिजते. जबड्यात ही झीज फार झाली म्हणजे खालचा जबडा मागे सरकतो, दाढा टेकतात पण पुढचे दात मिटत नाहीत. भाकरीचा घास तोडणेही कठीण होते. बालकांची गोष्ट याहून गंभीर. जबड्याच्या वाढीचे एक मुख्य स्थान याच सांध्यापाशी असल्याने हनुवटी खुंटते, आणि पुष्कळदा मूल दुखण्याची तक्रारही करीत नाही. अशी छुपी सूज एम.आर.आय. तपासणीत दिसते.

आता रक्तातील खुणेविषयी. आपले कोण आणि परके कोण, हे प्रतिकारशक्ती पेशींवरील काही रेणूंच्या साहाय्याने ओळखते. त्यांना एच.एल.ए. म्हणतात, त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. पॅरिसचे झाँ दोसे यांनी 1958 मध्ये त्यांपैकी पहिला रेणू ओळखला व 1980 मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. 1973 मध्ये बी-27 या खुणेचा पाठीचा कणा ताठरविणाऱ्या संधिवाताशी संबंध आढळला. त्याच दशकात आमवाताचे नाते डीआर-4 शी जुळले. ती विशिष्ट जनुके, विशेषतः मातापिता दोघांकडून आलेली असल्यास, आमवात अधिक तीव्र होण्याचा व सांधे अधिक झिजण्याचा संभव असतो. जबड्याच्या सांध्याचे अस्तरही इतर सांध्यांसारखेच. त्याला यातून सूट नाही.

तथापि ताग्याच्या किनारीवरील छाप पाहून माल कोणत्या गिरणीचा ते कळते, तो केव्हा फाटेल हे कळत नाही. बी-27 असलेल्या बहुसंख्य लोकांना तो विकार आयुष्यात कधीच जडत नाही. केवळ अहवालातील या अक्षरांवरून कोणी मुलीची सोयरीक मोडत असेल, तर ते निव्वळ अज्ञान होय! याउलट, आमवाताची खूण असूनही जो धूम्रपान करतो, तो स्वतःचा धोका स्वतःच वाढवितो; त्याविषयी मात्र घरात कोणी चकार शब्द काढीत नाही.

मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळीच सुरू झाल्यास झीज रोखता येते; झिजलेले हाड मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून संधिवात जडलेल्या मुलास अधूनमधून आरशासमोर उभे करावे. त्याचीच तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये मावतात का, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूस वळते का, एवढे पाहावे. आणि फरक दिसताच गुडघ्यांबरोबर जबडाही तपासावयास डॉक्टरांना सांगावे.