मशीन गोडाऊनला आलंय, टॅक्स भरा म्हणे!

आपल्या गटांतल्या बाया आता मोबाइलवरून शिलाई मशीन मागवतात. मशीन येतं पार लुधियानाहून. लहान पार्सल कुरिअरवाला घरी आणून देतो, पण जड माल ट्रान्सपोर्टने चाळीसगावात उतरतो आणि तो आपल्याला गोडाऊनवरून सोडवून आणावा लागतो. नेमकं इथंच कुणीतरी मध्ये घुसतं.

परवा एका गटाच्या सचिवताईंना फोन आला. "तुमचं मशीन अडकलंय. महाराष्ट्राचा टॅक्स राहिलाय, १,५०० रुपये पाठवा." ताई घाबरून म्हणाल्या, "आते काय करू वं माय?" मी म्हटलं, पैसे राहू द्या, आधी बिल दाखवा.

बिलावर मशीन १०,००० रुपये आणि खाली आयजीएसटी ५ टक्के, म्हणजे ५०० रुपये, लावलेला होताच. बिल्टीवरचा नंबर सांगून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारलं, तर भाडं सोडून काहीच बाकी नव्हतं. गटाच्या बचतीतले १,५०० रुपये वाचले.

माल परराज्यातून आला की बिलात आयजीएसटी लागतो. तेच मशीन पुण्याहून आलं, तर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी. बेरीज तीच. महाराष्ट्राचा वाटा सरकार सरकारकडून घेतं, आपल्या दारात मागायला येत नाही. १ जुलै २०१७ आधी प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा होता, मोठ्या शहरांत जकातही होती. म्हणून हद्द ओलांडली की काहीतरी भरावं लागतं, हे अजून आपल्या डोक्यात बसलेलं आहे.

भाड्याचं मात्र नीट बघा. विकणाऱ्याने भाडं स्वतःच्या बिलात धरलं, तर त्यावरही टॅक्स लागतो. ८०० रुपये भाडं धरलं की टॅक्स १०,८०० वर, म्हणजे ५४० रुपये. त्यात चूक काही नाही. पण भाडं बिलातही आणि गोडाऊनवरही मागितलं, तर भांडा!

आणि दर ५ टक्केच का, ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला आहे. बिलावर विकणाऱ्याचा १५ अक्षरी जीएसटी नंबरही हवा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे: पंजाब ०३, गुजरात २४, आपलं २७. तो नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. ज्याच्याकडे नंबरच नाही, त्याला जीएसटी घेता येत नाही.

काही जणी विचारतात, सुरतच्या बहिणीच्या पत्त्यावर मागवून तिथून गाडीत टाकलं तर टॅक्स वाचेल का? नाही वाचणार. तिथं गुजरातचा लागेल, तेवढाच. वर दुसऱ्यांदा भाडं. तुमच्या गटाचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल, तर तो ऑर्डर देतानाच टाका, म्हणजे भरलेला टॅक्स पुढं वळता करता येतो.

पैसे गेलेच असतील, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. विकणाऱ्याशी बिलावरून वाद असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.