खेळण्यातले वाफेचे एंजिन आणि त्याचे जळालेले एलिमेंट
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका सहायक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., तुमसर, दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटेल की मास्तरांनी हे काय पोरखेळाचे काढले! परंतु या लहानशा यंत्रात दहावीच्या विज्ञानाचे निम्मे पुस्तक भरलेले आहे. शिवाय आपल्यातील कितीतरी घरांत उस्ताद आहेत, मोटार वाइंडिंग करणारे, वेल्डिंग करणारे, पंप आणि इस्त्री दुरुस्त करणारे. त्यांच्या हाताचा आणि शाळेतल्या पुस्तकाचा संबंध काय, हे या एंजिनावरून चांगले सांगता येते. म्हणून हा विषय घेतला.

वाफेशी तुमसरचा संबंध जुना आहे. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या हावडा मार्गावर आपले तुमसर रोड स्टेशन आहे, आणि तेथून तिरोडीकडे फाटा जातो. चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींचे मॅंगनीज याच भागातले. वाफेची एंजिने 1990 च्या दशकात भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून निघून गेली. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात ती मुलांना जवळून पाहता येतात. पण वाफ गेली असे मात्र समजू नका. उष्णा तांदूळ करणाऱ्या राइस मिलमध्ये धानाच्या भुशावर बॉयलर चालतो. शेजारच्या तिरोड्याला 3300 मेगावॅटचे वीज केंद्र आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करितात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते. मंडईत किंवा जत्रेत पत्र्याची फटफट करणारी छोटी बोट मिळते, तीसुद्धा आत दिवा लावून वाफेवरच चालते. 1551 साली तकीउद्दीन या विद्वानाने वाफेच्या झोताने फिरणाऱ्या भाजण्याच्या सळईचे वर्णन लिहून ठेविले आहे. माणसाच्या मनात ही कल्पना फार जुनी आहे.

आता आपल्या खेळण्याकडे येऊ. जर्मनीतील मार्कलिन आणि बिंग, इंग्लंडमधील मॅमोड अशा कंपन्यांनी मुलांसाठी खरोखर वाफेवर चालणारी एंजिने बनविली. त्यांत बहुतेक ठिकाणी स्पिरिटचा दिवा किंवा घन इंधनाच्या वड्या वापरीत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स येथील मेटल वेअर कॉर्पोरेशनने ‘एम्पायर’ या नावाने विजेवर तापणारी एंजिने काढली. जर्मनीच्या विलेस्को कंपनीनेही विजेचे नमुने केले. असे एखादे जुने एंजिन कधी परदेशातून आलेल्या सामानात, कधी भंगाराच्या दुकानात, तर कधी प्रयोगशाळेच्या कपाटात सापडते. बॉयलर शाबूत असतो, चाक फिरते, दट्ट्या सरकतो. पण प्लग लावला तर ते गरम होत नाही. एलिमेंट जळालेले असते.

येथे शिकाऊ मुलगा पटकन म्हणतो, “उस्ताद, नवीन कॉइल टाकून देऊ.” खरा उस्ताद विचारतो, “अरे, पण जळाली का?” माझ्या आजच्या भाषणाचे सार या एका प्रश्नात आहे. कारण शोधल्याशिवाय भाग बदलला, तर नवा भागही जुन्याच्या वाटेने जातो.

एलिमेंट जळण्याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण, पाणी संपणे. आपल्या घरातील आईला, आजीला हे शास्त्र ठाऊक आहे. कल्हई केलेले पितळी भांडे रिकामे चुलीवर राहिले तर कल्हई उतरते, कारण कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. भांड्यात पाणी असेल तोवर पाणी उष्णता घेऊन उकळत राहते आणि भांड्याचे तापमान फार चढत नाही. पाणी संपले की उष्णतेला जायला जागा उरत नाही. मग एलिमेंटची तार तापत तापत तुटते, आणि ज्या बॉयलरचे सांधे शिसे-कथिलाच्या डाखाचे असतात त्याचे सांधेही सुटतात.

दुसरे कारण, क्षार. ज्या पाण्याने केटलीत पांढरा थर बसतो, त्याच पाण्याने बॉयलरमध्येही बसतो. हा थर उष्णता अडवून धरितो. पाणी उशिरा तापते आणि एलिमेंट मात्र जास्त तापते. म्हणून अशा एंजिनात डिस्टिल्ड वॉटर घालावे. बसलेला थर पातळ केलेल्या व्हिनेगरने हळूहळू निघतो. नंतर बॉयलर स्वच्छ पाण्याने धुवावा.

तिसरे कारण व्होल्टेज, आणि याला गणित लागते. विद्यार्थ्यांनी वही काढावी. समजा, एंजिनाच्या पट्टीवर 110 व्होल्ट, 220 वॅट असे लिहिले आहे. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह निघतो, 2 अँपिअर. ओहमच्या नियमाने 110 ला 2 ने भागले की रोध 55 ओहम. आता हेच एंजिन आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला लावले. रोध तोच, 55. प्रवाह झाला सुमारे 4.18 अँपिअर, आणि शक्ती 230 गुणिले 4.18, म्हणजे सुमारे 960 वॅट! व्होल्टेज दुपटीहून थोडे जास्त झाले, पण उष्णता चौपटीच्याही वर गेली, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 220 वॅटसाठी केलेली बारीक तार 960 वॅट किती वेळ सोसणार? जो मुलगा हा नियम पाठ करून परीक्षेत पाच मार्क मिळवितो, त्याला येथे कळते की त्या पाच मार्कांत एक एंजिन वाचते.

कारण सापडले की दुरुस्तीला हात घालावा. प्रथम प्लग काढावा. बटण बंद केले आहे एवढ्यावर विसंबू नये. मग मल्टीमीटरने एलिमेंटच्या दोन टोकांमधील रोध पाहावा. काहीच न दाखविल्यास तार तुटली असे समजावे. नंतर एक टोक आणि बॉयलरचे अंग यांमध्ये मोजावे. येथे रोध अगदी मोठा यावा. थोडा दाखविला तर वीज अंगात उतरते आहे, आणि ते एंजिन हात लावण्याजोगे नाही. पुष्कळ दुकानांत सिरीज बोर्डवर दिवा लावून ही परीक्षा करितात. त्यात उघड्या टोकांना चालू वीज असते, तेव्हा मुलांनी ते करू नये. सेलवर चालणारा मीटर बरा.

जुने एलिमेंट उघडताना एक सूचना फार महत्त्वाची. काही जुन्या यंत्रांत पांढरा, भुसभुशीत पुठ्ठा किंवा दोरी गुंडाळलेली असते. ते ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर अनेक वर्षांनी प्राणघातक आजार होतात. असे काही दिसले तर खरवडू नये, फुंकू नये, घासू नये. काम तेथेच थांबवून ती वस्तू पिशवीत बंद करून ठेवावी. खेळण्यापेक्षा छाती मोलाची आहे.

अभ्रकाचे एलिमेंट मात्र आपल्या ओळखीचे. जुन्या इस्त्रीत असते तसेच, अभ्रकाच्या पातळ पट्टीवर नायक्रोमची तार गुंडाळलेली आणि वर-खाली अभ्रकाचेच आवरण. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श यांना 1906 साली अमेरिकेत मिळाले. तिची खुबी अशी की लालबुंद तापली तरी तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतील धातूला जपतो. लोखंडाची तार अशी तापविली तर थोड्याच काळात गंजून गळून पडेल.

आता नवी तार किती लांब घ्यायची? आपल्याला 230 व्होल्टवर 220 वॅटच हवे आहेत. 230 चा वर्ग 52,900; त्याला 220 ने भागले की सुमारे 240 ओहम. 0.2 मिलिमीटर जाडीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे 35 ओहम असतो. 240 भागिले 35, म्हणजे पावणेसात मीटरहून किंचित अधिक. अंदाजाने ‘एवढी टाकून पाहू’ म्हणणारा कारागीर दोन तारा जाळील. गणित करणारा पहिल्याच तारेत काम करील. नायक्रोमचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो, म्हणून थंड असताना मोजलेला आकडा येथे उपयोगी पडतो. दिव्यातील टंगस्टनच्या तारेचे तसे नाही; तिचा रोध तापल्यावर दहा पटींहून अधिक होतो.

तार गुंडाळताना वेढे एकमेकांस लागू देऊ नयेत, आणि कडेला अभ्रक थोडे बाहेर राहू द्यावे. टोकांना डाख देऊ नये, कारण तो तेथील उष्णतेने वितळून जाईल. टोके स्क्रू आणि वॉशरने घट्ट आवळावीत. एलिमेंट बॉयलरला सपाट आणि घट्ट बसले पाहिजे. मध्ये फट राहिली तर त्या जागी तार जास्त तापून पुन्हा तुटते. ज्या एंजिनात नळीसारखे बंद एलिमेंट बॉयलरच्या आतच असते, ते गुंडाळता येत नाही. ते त्याच मापाचे करून घ्यावे लागते.

मूळ एलिमेंट शाबूत असेल आणि केवळ व्होल्टेज वेगळे असेल, तर ते काढूच नये. 230 वरून 110 व्होल्ट करणारा, किमान 300 व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लावावा. जुनी वस्तू जशी होती तशी जपण्यात मोल आहे. बदलावेच लागले तर जुना भाग फेकू नये, पाकिटात घालून एंजिनाबरोबर ठेवावा.

मित्रहो, एलिमेंट बसले म्हणजे काम संपले नाही. जुन्या एंजिनाला बहुधा दोनच पिना असतात आणि अर्थिंग नसते. धातूचा बॉयलर, आत पाणी आणि बाहेर मुलांचे हात! तेव्हा तीन पिनांची वायर घालून अर्थिंगचे टोक धातूच्या अंगाला जोडावे, आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक बटण असलेल्या जोडणीवरच एंजिन चालवावे. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग मोकळी हलते का ते दर वेळी पाहावे. वाफ तेथून निघते म्हणून तो आवळून किंवा बांधून ठेवणे म्हणजे घरात स्फोटाची तयारी करणे होय. बॉयलर जुना असेल तर आधी जाणत्या माणसाकडून त्यात थंड पाणी भरून पंपाने दाब देऊन तपासावा. पाण्याने तपासण्याचे कारण असे की पाणी दाबले जात नाही. सांधा सुटला तर नुसते ठिबकते. हवेने तपासले तर तुकडे उडतात. मोठ्या बॉयलरच्या तपासणीसाठी आपल्या देशात 1923 साली कायदा झाला आणि 2025 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. खेळणे त्या कायद्यात बसत नसेल, पण वाफेला लहान-मोठे कळत नाही.

शेवटी परीक्षा. बॉयलर पाऊण भरावा. पाव लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 78 किलोज्यूल उष्णता लागते. 220 वॅट म्हणजे सेकंदाला 220 ज्यूल, तेव्हा सुमारे 6 मिनिटे. थोडी उष्णता वाया जाते म्हणून आठ-दहा मिनिटे धरा. अर्धा तास लागला तर एलिमेंट नीट बसले नाही, असे गणितच सांगेल. आणि पाणी काचेत दिसेनासे होण्यापूर्वी प्लग काढावा.

आता पालकांना दोन शब्द. आठवी-नववीतला मुलगा शाळा सोडून दुकानात बसला, तर तो दोन वर्षांत कॉइल गुंडाळायला शिकेल हे खरे. घरची अडचणही मी जाणतो. रोज संध्याकाळी हातात येणारा पैसा नाकारणे सोपे नाही. पण किती वेढे आणि का, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागेल. दुसऱ्या व्होल्टेजचे, दुसऱ्या देशाचे यंत्र समोर आले की तो अडेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या ट्रेडला दहावी पास लागते. ते दार त्याच्यासाठी बंद होईल. सुटीत त्याला उस्तादांकडे जरूर पाठवा, शागिर्दी करू द्या. पण दहावीपर्यंत शाळेतून काढू नका. मुलींनाही हाच न्याय लावा. मीटर वाचायला आणि भागाकार करायला मुलगा असावे लागत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, अब्बांच्या दुकानात काम करताना हातांना लागलेल्या काळ्या तेलाची लाज बाळगू नका. ज्या हातांना काम येते त्यांनाच ओहमचा नियम खऱ्या अर्थाने समजतो. घरात बंद पडलेली इस्त्री असेल तर प्लग काढून, मोठ्यांच्या देखत ती उघडा, तिचा रोध मोजा आणि वहीत लिहा. पहिला प्रश्न मात्र विसरू नका, ‘जळाली का?’

 खुदा हाफिज. जय हिंद!